रक्ताचें नातें आणि वारेची भिंत

'रक्ताचें नातें' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत इतका रुळून गेला आहे कीं, तो शब्दशः खरा आहे किंवा नाहीं हें तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाहीं. आई आपल्या मुलाला 'माझ्या रक्तामांसाचा गोळा' म्हणते, तेव्हां नऊ महिने आपलेंच रक्त त्याच्या अंगांतून खेळलें अशी तिची समजूत असते, आणि ऐकणाराचीही तीच असते. शरीरशास्त्र सांगतें तें निराळें. गर्भाचें रक्त गर्भ स्वतः तयार करतो. तें त्याच्या देहांत आणि वारेंत फिरतें. आईचें रक्त वारेच्या दुसऱ्या अंगास येऊन परत जातें. दोहोंच्या मध्यें एक पातळ भिंत आहे. अन्नरस आणि प्राणवायु या भिंतींतून पलीकडे जातात. रक्त मात्र आपापल्या बाजूस राहतें.

ही भिंत आहे हें सिद्ध करण्यास माणसाला कित्येक शतकें लागलीं. आणि भिंत असूनही ती पाझरते, हें सिद्ध करण्यास त्यानंतर आणखी एकशें ऐशीं वर्षें लागलीं. या दुसऱ्या शोधाचा, आणि पाझरलेलें रक्त मोजण्याच्या एका साध्या युक्तीचा, इतिहास वाचकांपुढें मांडावा असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. मी वैद्य नव्हे. महाविद्यालयांत इतिहास शिकविणारा मनुष्य आहें. या विषयाकडे मी वळलों तें एका घरगुती कारणानें, आणि तें आधीं सांगणें बरें.

माझ्या थोरल्या आत्याला पहिला मुलगा झाला तो धडधाकट. त्यानंतरचीं तीन मुलें जन्मल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशींच हळदीसारखीं पिवळीं पडून आठवड्याच्या आंत गेलीं. हीं वर्षें इ. स. १९६० ते १९६७ यांच्या दरम्यानचीं. घरांत नवस झाले, शांति झाली, कुलदैवताला कौल लावून झाला. जिची मुलें जगत नाहींत तिला 'मृतवत्सा' आणि जिला एकदांच मूल होऊन पुढें कूस फळत नाहीं तिला 'काकवंध्या' असे दोन शब्द आपल्या जुन्या भाषेनें करून ठेवले आहेत. आत्याच्या सासरीं हे दोन्ही शब्द तिच्या कानांवर येत असत. पुढच्या खेपेस मूल वांचलें तर दृष्ट लागूं नये म्हणून त्याचें नांव धोंडू ठेवावयाचें असें ठरलें होतें. तें मूल पोटांतच गेलें. पुढें सत्तरी उलटल्यावर एका शस्त्रक्रियेच्या वेळीं तिचें रक्त तपासलें, तेव्हां चिठ्ठीवर 'आरएच निगेटिव्ह' असें आलें. डॉक्टरांनीं सहज मुलांची चौकशी केली, तिनें सांगितली, आणि ते क्षणभर गप्प राहिले. त्या संध्याकाळीं तिनें मला विचारलें, "म्हणजे अरे, माझ्या हातून कांहीं चुकलें नव्हतें तर?" या प्रश्नाचें नीट उत्तर मला त्या वेळीं देतां आलें नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. ग्रीक वैद्य गेलन याच्यापासून दीर्घकाळ युरोपांत अशी समजूत होती कीं, गर्भाशयांतील रक्तवाहिन्यांचीं तोंडें वारेंतील वाहिन्यांना जुळलेलीं असतात व आईचें रक्त सरळ गर्भांत वाहतें. म्हणजे आपल्या आजीबाईंची समजूत आणि गेलनची समजूत एकच. अठराव्या शतकांत लंडनमध्यें विल्यम हंटर आणि त्याचा धाकटा भाऊ जॉन यांनीं गरोदरपणीं मृत्यु पावलेल्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या वाहिन्यांत रंगीत मेण भरून पाहिलें. तें मेण वारेच्या आईकडील पोकळ्यांत भरलें. गर्भाकडील वाहिन्यांत शिरलें नाहीं. विल्यमचा गर्भाशयावरील प्रचंड चित्रग्रंथ इ. स. १७७४ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि दोन रक्तें वेगळीं आहेत हा सिद्धान्त कायम झाला. या शोधाचें श्रेय कोणाचें यावरून इ. स. १७८० मध्यें धाकट्या भावानें थोरल्यावर जाहीर दावा सांगितला व दोघांत कायमचें वितुष्ट आलें. रक्ताच्या नात्याचा तोही एक नमुना म्हणावयाचा.

हंटरबंधूंचा सिद्धान्त खरा होता; परंतु खरा सिद्धान्तसुद्धां कधीं कधीं दृष्टि आंखडून टाकतो. भिंत पक्की ठरल्यामुळें नवजात अर्भकाच्या रक्तांत कांहीं बिघाड दिसला तर त्याचें मूळ आईच्या रक्तांत असेल, ही शंका कोणास सहज येईना.

वास्तविक रोग जुनाच होता. फ्रान्सच्या राणीची सुईण लुईझ बूर्ज्वा हिनें इ. स. १६०९ मध्यें छापलेल्या आपल्या अनुभवांच्या पुस्तकांत एका जुळ्याची हकीकत नमूद केली आहे. त्यांपैकीं एक मूल सर्वांग सुजलेलें जन्मलें व लगेच गेलें. दुसरें पिवळें पडून थोड्या काळानें गेलें. त्या सुईणीनें एकाच पोटचीं दोन रूपें एका ठिकाणीं पाहून लिहून ठेवलीं होतीं. मोठमोठ्या वैद्यांनीं मात्र पुढें तीन शतकें सूज हा एक रोग, कावीळ हा दुसरा रोग आणि पांढुरकेपणा हा तिसरा, अशी वांटणी केली. हे तिन्ही एकाच विकाराचे प्रकार आहेत हें बोस्टन येथील डायमंड, ब्लॅकफॅन आणि बेटी या तिघांनीं इ. स. १९३२ मध्यें दाखवून दिलें. अर्भकाच्या तांबड्या पेशी कशानें तरी भराभर फुटतात. त्या भरून काढण्यासाठीं अपक्व पेशी रक्तांत लोटल्या जातात. फुटलेल्या पेशींतील द्रव्यामुळें कावीळ होते. पण त्या कशानें फुटतात?

याचें उत्तर सुचविलें तें शिकागोच्या रूथ डॅरो या विकृतिशास्त्रज्ञ स्त्रीनें. डॅरोबाईंचें स्वतःचें अपत्य या रोगानें गेलें होतें. इ. स. १९३८ मध्यें त्यांनीं असा तर्क प्रसिद्ध केला कीं, गर्भाच्या रक्तांतील एखादें द्रव्य आईच्या शरीराला परकें वाटत असावें. आईचें शरीर रोगजंतूंशीं झुंजावें तसें त्याच्याशीं झुंजण्यासाठीं प्रतिपिंडें तयार करीत असावें. आणि तींच उलट गर्भांत शिरून त्याच्या पेशी फोडीत असावींत. विचाराची सारी मांडणी बरोबर होती. चूक झाली ती एका ठिकाणीं. तें परकें द्रव्य म्हणजे गर्भाचें विशिष्ट हिमोग्लोबिन असावें असें त्यांना वाटलें. हें हिमोग्लोबिन अपराधी नव्हतें. परंतु पुढें एकोणीस वर्षांनीं अपराधाचा माग काढावयास तेंच उपयोगी पडलें. त्याची हकीकत पुढें येईलच.

खरें द्रव्य लौकरच हातीं लागलें. इ. स. १९३७ मध्यें न्यूयॉर्कमधील एका स्त्रीचें मूल मृत जन्मलें. रक्तस्राव फार झाल्यामुळें तिला तिच्या नवऱ्याचें रक्त देण्यांत आलें. दोघांचा गट 'ओ' हाच होता. तरी तिला मोठी बाधा झाली. फिलिप लिव्हाइन आणि रूफस स्टेट्सन यांनीं तिचें रक्त तपासून इ. स. १९३९ मध्यें निष्कर्ष काढला कीं, नवऱ्याच्या रक्तांतील एक अज्ञात घटक मुलांत उतरला असावा आणि त्या मुलामुळें बाईच्या शरीरांत त्याविरुद्ध प्रतिपिंडें झालीं असावींत. त्यांनीं त्या घटकाला नांव दिलें नाहीं. पुढल्याच वर्षीं कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनीं ऱ्हीसस माकडाच्या रक्तावरून केलेल्या प्रयोगांत सांपडलेल्या घटकाला 'आरएच' म्हटलें आणि तेंच नांव जगानें उचललें. नांव न ठेवल्याचा पश्चात्ताप लिव्हाइनला झाला असेल तर नवल नाहीं. पण आरएच आणि अर्भकांचा रोग यांची सांगड इ. स. १९४१ मध्यें घातली ती त्यानेंच आपल्या सहकाऱ्यांसह.

ज्यांच्या तांबड्या पेशींवर हा घटक असतो ते पॉझिटिव्ह, नसतो ते निगेटिव्ह. युरोपीय वंशाच्या लोकांत शेंकडा पंधरा माणसें निगेटिव्ह असतात. आपल्याकडे शेंकडा पांचच्या आसपास. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला म्हणजे मूल पॉझिटिव्ह होण्याचा संभव असतो. पहिल्या बाळंतपणांत आईच्या शरीराला त्या घटकाची ओळख होते. शस्त्रें तयार होतात तीं मागाहून. म्हणून पहिलें मूल बहुधा सुखरूप राहतें आणि पुढच्यांवर गदा येते. 'काकवंध्या' या शब्दामागें कांहीं थोड्या घरांत तरी हें कारण असलें पाहिजे. सर्वच नव्हे, आणि बहुतेकही नव्हे. अर्भकांच्या मरणाला आपल्या देशांत दुसरीं कारणें थोडीं नव्हतीं.

इतका उलगडा झाला तरी भिंतीचा प्रश्न उरलाच. आईचीं प्रतिपिंडें गर्भाकडे कशीं जातात हें समजण्याजोगें आहे. तीं सूक्ष्म असतात, आणि मुलाचें रोगांपासून रक्षण व्हावें म्हणून वार त्यांना मुद्दाम वाट देते. परंतु मुळांत तीं उत्पन्न होण्यासाठीं गर्भाच्या तांबड्या पेशी आईच्या रक्तांत आल्या पाहिजेत. पेशी ही प्रतिपिंडाच्या मानानें अजस्र वस्तु. ती हंटरच्या भिंतींतून जाते कशी? इ. स. १८९३ मध्यें जर्मनीतील श्मोर्ल यानें, गरोदरपणींच्या आंकडीनें मेलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी सांपडल्याचें लिहिलें होतें. पण तें रोगी देहांचें वर्णन होतें. वीनर यानें इ. स. १९४८ मध्यें असें सुचविलें कीं, जन्मतःच पांढरीफटक असणारीं कांहीं मुलें आपलें रक्त आईच्या अंगांत सांडून आलेलीं असावींत. कॅनडांतील विनिपेगच्या ब्रूस चाउन यानें इ. स. १९५४ मध्यें अशाच एका मुलाच्या आईच्या रक्तांत त्या मुलाच्या तांबड्या पेशी प्रत्यक्ष दाखविल्या. हंटरच्या ग्रंथानंतर बरोबर एकशें ऐशीं वर्षांनीं भिंत पाझरल्याचा पुरावा मिळाला.

मात्र चाउनचा रोगी म्हणजे पूर आलेली नदी होती. रोजच्या साध्या बाळंतपणांत जर अर्धा चमचाभर रक्त पलीकडे जात असेल तर तें शोधावें कसें? आईच्या शरीरांत पांच लिटरच्या आसपास रक्त, म्हणजे अब्जावधि पेशी. त्यांत मुलाच्या मूठभर पेशी मिसळल्या. सूक्ष्मदर्शकाखालीं दोन्ही सारख्याच तांबड्या, सारख्याच वाटोळ्या. जत्रेंत हरवलेलें पोर शोधावें तसें हें काम, आणि पोराच्या अंगावर ओळखीचें अंगडेंही नाहीं.

ओळखीची खूण होती. ती शहाण्णव वर्षांपूर्वींच नमूद होऊनही पडून राहिली होती असें म्हणण्याचा मोह होतो, पण हिशेब नीट करूं. इ. स. १८६६ मध्यें दोर्पात (आजचें एस्टोनियांतील तार्तू) येथील विद्यापीठांत कोर्बर नांवाच्या विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधांत लिहिलें कीं, वारेंतील रक्तावर क्षार घातला असतां तें मोठ्या माणसाच्या रक्ताप्रमाणें चटकन् बिघडत नाहीं. पुष्कळ वेळ टिकाव धरतें. गर्भाचें हिमोग्लोबिन निराळें असतें याची ही पहिली नोंद. गर्भाला प्राणवायु आईच्या रक्ताकडून ओढून घ्यावयाचा असतो, म्हणून त्याचें हिमोग्लोबिन प्राणवायूला अधिक घट्ट धरणारें असतें. जन्मानंतर कांहीं महिन्यांत त्याची जागा मोठ्या माणसाचें हिमोग्लोबिन घेतें. कोर्बरच्या निरीक्षणापासून त्याचा येथें उपयोग होईपर्यंत एक्याण्णव वर्षें गेलीं.

इ. स. १९५७ मध्यें जर्मनीतील एन्नो क्लाइहाउअर, ब्राउन आणि क्लाउस बेट्के या तिघांनीं एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकांत एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. त्यांनीं क्षाराच्या ऐवजीं आम्ल घेतलें, आणि परीक्षानळींतील रक्ताच्या ऐवजीं कांचपट्टीवर पसरलेली एकेक पेशी तपासली. कृति अशी: आईच्या रक्ताचा थेंब कांचपट्टीवर अगदीं पातळ पसरून वाळवावयाचा, मद्यार्कांत बुडवून तो पक्का करावयाचा, नंतर शरीराइतक्या उबेच्या सौम्य आम्लद्रवांत कांहीं मिनिटें ठेवावयाचा, मग धुऊन तांबडा रंग द्यावयाचा. आम्लांत आईच्या पेशींतील हिमोग्लोबिन विरघळून बाहेर जातें आणि मागें नुसतें फिकट टरफल उरतें. प्रयोगशाळेंतले लोक त्याला 'भूत' म्हणतात. गर्भाच्या पेशीचें हिमोग्लोबिन मात्र जागचें हलत नाहीं. ती पेशी रंग घेऊन गडद गुलाबी दिसते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला कीं, शेंकडों भुतांच्या गर्दींत एखादें पोर लाल अंगडें घालून उभें आहे असें दृश्य दिसतें. जगानें या पद्धतीला 'क्लाइहाउअर-बेट्के' चांचणी असें नांव दिलें. मधलें ब्राउन हें नांव गळून पडलें.

या चांचणीचें महत्त्व असें कीं, तिनें 'आहे किंवा नाहीं' याबरोबरच 'किती' याचेंही उत्तर दिलें. दोन हजार पेशी मोजून त्यांत मुलाच्या किती हें पाहिलें कीं त्रैराशिकानें हिशेब होतो. शंभरांत एक पेशी मुलाची आढळली तर पांच लिटरांत सुमारें पन्नास मिलिलिटर रक्त मुलाचें असें समजावयाचें. शाळेंतल्या मुलास येईल इतकेंच गणित. विनिपेगच्या झिपर्स्की व त्याच्या सहकाऱ्यांनीं इ. स. १९५९ मध्यें ही पद्धत अनेक मातांवर वापरून पाहिली, इतरांनींही पाहिली. त्यावरून दोन गोष्टी ठरल्या. पहिली अशी कीं, मुलाच्या पेशी आईच्या रक्तांत येणें हा अपवाद नव्हे. थोड्या प्रमाणांत तें पुष्कळ बाळंतपणांत घडतें. दुसरी अशी कीं, मोठा पाझर बहुधा प्रसूतीच्या वेळीं, वार सुटतांना होतो.

ही दुसरी गोष्ट दिसावयास साधी, पण सारें रहस्य तींत होतें. नऊ महिने थेंबथेंब गळत असतें तर उपाय करावा केव्हां? पण रक्त मुख्यतः एका ठराविक घटकेस सांडत असेल, तर तें सांडल्यापासून आईच्या शरीरानें त्याची दखल घेईपर्यंत मध्यें कांहीं दिवसांची सवड मिळते. त्या सवडींत परक्या पेशी कोणी परस्पर काढून टाकल्या तर?

हा विचार इंग्लंडांत लिव्हरपूलच्या मंडळींनीं तडीस नेला. त्यांचा प्रमुख सिरिल क्लार्क हा वैद्य. पण त्याचा छंद फुलपांखरें पाळण्याचा. फुलपांखरांच्या पंखांवरील नक्षीचा वारसा आणि आरएच गटाचा वारसा यांत त्याला व त्याचा मित्र फिलिप शेपर्ड याला साम्य दिसलें, आणि त्या वाटेनें ते रक्ताकडे आले. त्यांचा तरुण सहकारी रॉनल्ड फिन हा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांचें रक्त क्लाइहाउअरच्या पद्धतीनें तपासूं लागला. आई व मूल यांचे ए-बी-ओ गट जुळत नसले तर आरएचचा रोग क्वचित् होतो, हें लिव्हाइननें इ. स. १९४३ मध्येंच सांगितलें होतें. फिनला त्याचें कारण कांचपट्टीवर दिसलें. अशा आयांच्या रक्तांत मुलाच्या पेशी सहसा आढळतच नाहींत. आईच्या रक्तांत जन्मतः असलेलीं ए किंवा बी विरुद्धचीं प्रतिपिंडें त्या पेशी आल्याबरोबर नाहींशा करतात. तेव्हां निसर्ग करतो तेंच आपण करावें. बाळंतिणीला बाहेरून आरएचविरोधी प्रतिपिंडें टोंचावींत, म्हणजे तिच्या शरीरानें जागें होण्यापूर्वींच मुलाच्या पेशी नष्ट होतील, असें फिननें इ. स. १९६० मध्यें सुचविलें.

जें द्रव्य मुलांचा घात करतें तेंच आईला टोंचावयाचें, ही कल्पना विक्षिप्त वाटली तर नवल नाहीं. पहिले प्रयोग निगेटिव्ह पुरुषांवर झाले. त्यांच्या अंगांत पॉझिटिव्ह पेशी घालून मग प्रतिपिंडें दिलीं. पहिल्या प्रकारचीं प्रतिपिंडें दिलीं तेव्हां परिणाम उलटाच झाला. दुसऱ्या प्रकारचीं, आकारानें लहान असलेलीं, दिलीं तेव्हां यश आलें. अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कमध्यें फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक हे तिघे स्वतंत्रपणें त्याच मार्गानें चालले होते. त्यांचे प्रयोग सिंग सिंग येथील तुरुंगांतील स्वयंसेवक कैद्यांवर झाले, ही गोष्ट आजच्या नीतिविचाराला खटकल्यावांचून राहत नाहीं.

खऱ्या मातांवर प्रयोग करण्याची वेळ आली तेव्हां पुन्हां तीच कांचपट्टी उपयोगी पडली. सर्वच निगेटिव्ह मातांना रोग जडत नाहीं. सरसकट साऱ्यांना घेतलें असतें तर निकाल लागण्यास फार स्त्रिया व फार वर्षें लागलीं असतीं. लिव्हरपूलच्या मंडळींनीं पहिलटकरणींतून ज्यांच्या रक्तांत मुलाच्या पेशी अधिक दिसल्या अशाच स्त्रिया निवडल्या. अर्ध्यांना प्रतिपिंडें दिलीं, अर्ध्यांना दिलीं नाहींत. सहा महिन्यांनीं पाहिलें तों, न दिलेल्यांपैकीं जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या स्त्रियांत विरोधी प्रतिपिंडें उत्पन्न झालेलीं होतीं. दिलेल्यांपैकीं एकीच्याही रक्तांत नव्हतीं. हा निकाल इ. स. १९६६ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि इ. स. १९६८ मध्यें अमेरिकेंत हें औषध बाजारांत विक्रीस आलें.

औषध आलें कोठून, हेंही सांगितलें पाहिजे. आरंभीं हीं प्रतिपिंडें मिळविलीं तीं ज्यांच्या रक्तांत तीं भरपूर होतीं अशा स्त्रियांकडून. म्हणजे ज्यांच्या शरीरांत हा विरोध आधींच पक्का झालेला होता अशांकडून. त्यांतल्या पुष्कळींना या आजाराची झळ स्वतःच्या घरांत लागली असणार. त्यांचें ज्या रक्तामुळें नुकसान झालें तेंच त्यांनीं परक्या स्त्रियांच्या मुलांसाठीं दिलें. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींचीं नांवें असतात. या स्त्रियांचीं नांवें कोठें नाहींत.

आपल्याकडेही या विद्येचा पाया त्याच सुमारास घातला गेला. क्लाइहाउअरचा लेख प्रसिद्ध झाला त्याच, म्हणजे १९५७ सालीं, मुंबईंत रक्तगटांच्या अभ्यासासाठीं एक संदर्भकेंद्र सुरू झालें, परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था ती हीच. परंतु केंद्र निघणें वेगळें आणि खेड्यांतल्या बाळंतिणीपर्यंत टोंचणी पोंचणें वेगळें. निगेटिव्ह माणसें थोडीं असल्यामुळें या रोगाकडे आपलें लक्षही थोडेंच. प्रसूतीनंतर बहात्तर तासांच्या आंत, आणि पुढें गरोदरपणींच अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास, टोंचण्याची वहिवाट पडली. तरी जगाच्या गरीब भागांत अजून ती सर्वांपर्यंत गेलेली नाहीं. शिवाय ठराविक तीनशें मायक्रोग्रामची कुपी साधारण तीस मिलिलिटर रक्तापुरतीच असते. त्याहून अधिक रक्त सांडलें असेल तर एका कुपीनें भागत नाहीं. आणि सांडलें किती हें मोजल्यावांचून कळत नाहीं. अपघात, पोटावर मार, वार अकालीं सुटणें अशा प्रसंगीं म्हणूनच ही मोजणी आजही केली जाते.

चांचणीचे दोषही सांगितले पाहिजेत. मोजणाराचा डोळा थकतो. एकाच कांचपट्टीचे दोघांचे आंकडे जुळत नाहींत. आईला थॅलसीमियासारखा वंशागत रक्तदोष असला तर तिच्या स्वतःच्याच कांहीं पेशींत गर्भाचें हिमोग्लोबिन राहिलेलें असतें, आणि त्या पेशीही लाल दिसून फसवितात. आपल्या देशांत हा दोष वाहणारे लोक कमी नाहींत. म्हणून येथें तर ही सावधगिरी विशेष हवी. रंगीत चकाकणारीं द्रव्यें पेशींना चिकटवून यंत्रानें मोजण्याची पद्धत अधिक अचूक आहे, पण तिला खर्च फार. इ. स. १९९७ मध्यें डेनिस लो व त्याच्या सहकाऱ्यांनीं आईच्या रक्तद्रवांत गर्भाचा सुटा डीएनए तरंगत असतो असें दाखविलें. त्यावरून आतां गर्भाचा रक्तगट जन्मापूर्वीं आईच्या साध्या रक्तावरून ओळखतां येतो. तरीही आम्ल, रंग आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर भागणारी जुनी रीत अनेक रुग्णालयांत चालू आहे.

भिंतीविषयींची शेवटची हकीकत इ. स. १९९६ मधली. अमेरिकेंतील डायाना बिआंकी आणि त्यांचे सहकारी यांना, ज्यांना पूर्वीं मुलगे झाले होते अशा स्त्रियांच्या रक्तांत पुरुषी गुणसूत्र असलेल्या पेशी आढळल्या. त्यांतील एका स्त्रीचा मुलगा सत्तावीस वर्षांपूर्वीं जन्मलेला होता. तांबड्या पेशी कांहीं आठवड्यांत मरतात. पण दुसऱ्या कांहीं पेशी आईच्या देहांत घर करून राहतात. त्या तेथें काय करतात याचा उलगडा अजून पुरता झालेला नाहीं. हंटरनें दोन रक्तें वेगळीं केलीं तीं वेगळींच आहेत. परंतु मूल जातांना आपलें थोडें कांहीं मागें ठेवून जातें, ही आजीबाईंची समजूत सर्वस्वीं खोटी ठरली नाहीं.

आत्याच्या प्रश्नाचें उत्तर मला हा सारा इतिहास वाचल्यावर देतां आलें. मीं तिला सांगितलें कीं, तुझें शरीर आपलें काम चोख करीत होतें. परकें दिसलें तें त्यानें ओळखलें, एवढेंच. तूं काय खाल्लेंस, कोणता उपास मोडलास, कोणाची दृष्ट लागली, याचा त्याच्याशीं कांहीं संबंध नव्हता. तुझीं मुलें जात होतीं त्याच वर्षांत दूर लिव्हरपूलला कांहीं माणसें कांचपट्टीवर लाल ठिपके मोजीत होतीं. त्यांचें मोजून संपण्याच्या आधीं तुझी पाळी आली. तिनें सगळें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "इतकें सोपें होतें, तर मग मला कोणी आधीं सांगितलें कां नाहीं रे?"

त्या वेळीं सोपें नव्हतें, आज आहे. आज एखाद्या घरांत सुनेचा रक्तगट निगेटिव्ह निघाला तर तो कागद कपाटांत न ठेवतां डॉक्टरांपुढें ठेवणें, गर्भपात किंवा पोटाला मार लागल्यावरही ती गोष्ट न लपविणें, आणि प्रसूतीनंतरच्या तीन दिवसांत टोंचणी झाली कीं नाहीं हें घरच्या माणसांनीं विचारणें, एवढेंच करावयाचें आहे. तेवढें झालें तर 'मृतवत्सा' हा शब्द कोशांत राहील, आणि कोणा बाईच्या कानांवर पडणार नाहीं.